ते कळतंच की

सातवीच्या वर्गात मी सांजवातीचा पाठ घेते. पाठ्यपुस्तकात तो नाही. निरांजन, तेलाची बुधली, कापसाच्या वाती आणि काडेपेटी टेबलावर मांडायची आणि मुलांना सांगायचं : समजा, कोणीतरी आलंय. त्याला वाचता येतं, दोन हात आहेत, पण अक्कल अजिबात नाही. कागदावर लिहिलंय ते तो करील, लिहिलेलं नाही ते करणार नाही. त्याला दिवा लावायला सांगा. एका ओळीत एकच काम.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं होतं : वात निरांजनात ठेव. काडी ओढ. वात पेटव. निरांजनात तेल घाल. मी तसंच केलं. कोरडी वात भुर्रकन पेटली, काळी पडून विझली आणि मग त्या काजळीवर मी तेल ओतलं. सगळा वर्ग ओरडत होता, "बाई, आधी तेल!" ती मुलगी रडवेली झाली. "मला येतं ना बाई, आमच्याकडं रोज मीच लावते." मी म्हटलं, "पण तू तसं लिहिलं नाहीस." तर म्हणाली, "पण ते कळतंच की!"

एकवीस वर्षं मी वाई तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवते. विषय गणित. संगणकाचे तास माझ्याकडे आले ते घ्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. पण त्या मुलीचं वाक्य कानावर पडलं आणि मी थेट माहेरच्या ओसरीवर जाऊन पोचले. वडील भिक्षुकी करत. संध्याकाळी दोन-तीन मुलगे त्यांच्याकडे लौगाक्षी भास्कराचा 'अर्थसंग्रह' वाचायला यायचे. मीमांसेत शिरू पाहणाऱ्याच्या हाती हा छोटा ग्रंथ आधी देतात. मी माजघरात तांदूळ निवडत ऐकायची.

मीमांसा हे आज्ञेचं शास्त्र. वेदानं 'हे कर' म्हटलं, तर ते कोणी करायचं, कशानं करायचं, कशाच्या आधी आणि कशाच्या मागून, हे ठरवायचं कसं याचा विचार त्यात आहे. क्रम ठरवायला सहा प्रमाणं सांगितली आहेत : श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. दोहोंचं जमेना तर यादीत आधी आलेलं बलवान. वडील उदाहरण द्यायचे ते अग्निहोत्राचं. ग्रंथात आधी होम करायला सांगितलंय आणि मागून यवागू, म्हणजे पेज, शिजवायला. मग ते मुलांकडे बघत विचारायचे, "तर मग आधी काय?" मुलगे गप्प. मला माजघरात उत्तर यायचं, कारण मी स्वयंपाकघरात वाढत होते. आधी पेज. होमाला द्रव्य लागतं आणि इथं द्रव्य पेजच आहे. वाक्यं ज्या क्रमानं आली तो पाठक्रम, काम ज्या क्रमानं होऊ शकतं तो अर्थक्रम. अर्थापुढे पाठानं मागं सरायचं.

संगणकाला पाठक्रमच तेवढा कळतो. बॅबेजच्या कधीच पुऱ्या न झालेल्या यंत्रावर १८४३ साली टिपा लिहिताना एडा लव्हलेसनं हे सांगून ठेवलंय : यंत्र स्वतःहून काही काढत नाही, जे कसं करवून घ्यायचं हे आपल्याला ठाऊक आहे तेवढंच ते करतं. तेव्हा माझ्या वर्गात जे चालतं ते एका अर्थी मीमांसेच्या उलट आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय. सांगणारा कोणी नाही, 'तुला काय म्हणायचं होतं' असं विचारायला माणूसच नाही. म्हणून अर्थाचा सगळा भार ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर. संगणकापुढे सांगणारा आहे, बारा वर्षांचा, वेण्या घातलेला. ऐकणाऱ्याला बुद्धी नाही. सगळा भार सांगणाऱ्यावर.

हा भार मुलांनी का उचलावा? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, तेव्हा आमच्या गावात पालक मला वाटेत थांबवून विचारायचे, "बाई, यानं नोकरी लागंल ना?" प्रश्न खरा आहे. ज्याच्या दोन एकरांत चौघे भाऊ वाटेकरी आहेत त्यानं तो विचारायचा नाही तर कोणी? पण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ही मुलं मोठी होतील तेव्हा कुठली भाषा चालत असेल, ती माणसं लिहीत असतील की नाही, कोणाला सांगता येणार आहे? मी शिकवते ते वेगळ्या कारणासाठी आणि ते कारण मला पंगतीत सापडलं.

शाळेत दुपारी पोषण आहार असतो. खिचडी, कधी मटकीची उसळ, मीठ, एखाद्या दिवशी केळं. वाढायला मुलांच्या पाळ्या असतात. एकदा वाढपी मुलांचं भांडण झालं. एकजण म्हणे, मी एकेका ताटात सगळं वाढत पुढं जाणार. दुसरा म्हणे, आधी सगळ्यांना मीठ, मग सगळ्यांना खिचडी, मग केळं. मी हसत त्यांच्यामध्ये गेले आणि मला थांबावंच लागलं, कारण हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. वाजपेय यज्ञात प्रजापतीसाठी सतरा पशू असतात. एकावर सगळे संस्कार पुरे करून दुसऱ्याकडे वळायचं, की एक संस्कार सतरांवर करून मग दुसरा संस्कार घ्यायचा? पहिल्याला कांडानुसमय म्हणतात, दुसऱ्याला पदार्थानुसमय. मीमांसासूत्रं रचणाऱ्या जैमिनीचा कौल दुसऱ्याला. श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणांच्या बाबतीत वडीलही हाच विचार करायचे : आधी सगळ्यांना पाद्य, मग पुढचं. संगणकात याला एका फेऱ्यात दुसरा फेरा म्हणतात आणि कुठला फेरा आत, कुठला बाहेर, यावर सगळं अवलंबून असतं.

त्या दिवशी मी मुलांना दोन्ही तऱ्हांनी वाढून बघायला लावलं. एकेका ताटात सगळं वाढलं तर पहिला जेवून उठतो तेव्हा शेवटचा रिकाम्या ताटाशी बसलेला असतो. पदार्थ पदार्थ फिरवला तर सगळे एकदम 'वदनी कवळ' म्हणू शकतात, पण वाढप्याचे खेटे वाढतात आणि खिचडी गार होते. मी विचारलं, "बरोबर काय?" एका मुलानं बराच वेळ विचार करून सांगितलं, "कमी पडणार असंल तर सगळ्यांना थोडं थोडं आधी, बाई. पुरणार असंल तर कसंबी." माझ्या अंगावर काटा आला. त्याला कळलं होतं की क्रम हा न्यायाचा प्रश्न आहे. कोण आधी, कोण मागून, कोणाचं ताट रिकामं राहील हे फेरा लिहिणारा ठरवून मोकळा होतो आणि नंतर ते कोणाला दिसतही नाही.

संगणक मी यानंतर उघडते. आमच्या कक्षात अकरा यंत्रं आहेत, सात चालतात, वर्गात चौतीस मुलं. वीज गेली की तास अंगणात. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायच्या कृती तयार केल्या. आपल्याकडे एसीएम इंडियाचा सीएसपाठशाळा हा उपक्रमही असंच खूप काही शिक्षकांच्या हाती देतो. मला त्यांचा फार आधार वाटतो.

मी आधी ज्या शाळेत होते तिथं वेगळी तऱ्हा होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी फळ्यावर बारा ओळी लिहिल्या जात. मुलं त्या पाठ करत, दुसऱ्या दिवशी तशाच टाइप करत, पडद्यावर उत्तर यायचं, गुण पडायचे. एका मुलाला मी तिसऱ्या ओळीचं काम विचारलं. तो म्हणाला, "ती तिसरी असते." मला घरी येऊन जेवण गेलं नाही. वेदातल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या निरुक्तात कौत्साचं एक मत नोंदलंय : मंत्रांना अर्थ नाही, कारण त्यांचे शब्द ठरलेले आणि शब्दांचा क्रमही ठरलेला, बदल चालत नाही. यास्क त्याला उत्तर देतो आणि अर्थ न जाणता पाठ करणाऱ्याला ओझ्याचा खांब म्हणतो. आम्ही त्या बारा ओळींनी खांब घडवत होतो. यंत्राला अर्थाची गरज नाही हे खरं, म्हणून मुलालाही नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. यंत्र शिकवायला गेलो आणि मुलाला यंत्राच्या जागी बसवलं.

म्हणून आता मी चुकीपासून सुरुवात करते. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक नारिंगी मांजर असतं. त्याला चौकोन काढायला लावणं सोपं : चारदा पुढं जा, ९० अंश वळ. मग मी त्रिकोण सांगते. जवळजवळ प्रत्येक मूल ६० लिहितं, कारण भूमितीत समभुज त्रिकोणाचा कोन ६०चा असतो. मांजर भलतीकडेच जातं. मुलं मांजरावर चिडतात. मी त्यांना अंगणात नेते, खडूनं त्रिकोण आखते आणि त्यावरून चालायला लावते. सीमोर पॅपर्ट यांनी १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर लोगो ही भाषा केली. त्या भाषेत रेघा काढणाऱ्या कासवाबद्दलही ते हेच सांगायचे, कासव होऊन चालून बघा. कोपऱ्यावर पोचलेलं मूल वळतं, वळतच राहतं आणि मध्येच म्हणतं, "अगं, आपण बाहेरून वळतोय!" बाहेरचा कोन १२०चा. ही ओरड ऐकण्यासाठी मी उन्हात उभी राहते.

वहीतल्या चुकीवर लाल फुली पडते. इथं चूक नुसती दिसते. कोणी रागावत नाही, मूल स्वतः मागं जाऊन बघतं की कुठं बिनसलं. मला नेहमी प्रायश्चित्ताची आठवण होते. त्या शब्दाला आपण पापाचा वास चिकटवून ठेवलाय. पण ब्राह्मणग्रंथांतलं अग्निहोत्राचं प्रायश्चित्त बघा. दूध काढताना गाय खाली बसली तर काय करायचं, दूध सांडलं तर, उतू गेलं तर, अग्नी विझला तर. चूक होणार हे गृहीत धरून आधीच लिहून ठेवलंय. वडील म्हणायचे, "ज्यानं हे लिहिलं त्यानं गाय पाळली होती." 'असं झालं तर' ही ओळ लिहायला मुलांना शिकवणं मला सगळ्यांत अवघड जातं. सुखात वाढलेल्या मुलाला तर फारच. त्याच्या दिव्यात तेल नेहमीच असतं.

आई वारकरी घरातली. तिला वडिलांचा हा क्रमाचा काटेकोरपणा कळायचा, पण पटायचा नाही. पूजेच्या शेवटी काही उणं राहिलं असेल तर क्षमा कर म्हणून हात जोडतात, तिच्या मते पूजा तेवढीच होती. "चुकलं तर चुकलं. देव समजून घेतो," ती म्हणायची. लहानपणी मला वाटायचं दोघांपैकी एकाचंच खरं असणार. आता पन्नाशीत, रोज त्या सात यंत्रांपुढे बसून, मला दिसतं की दोघं वेगवेगळ्या ऐकणाऱ्यांशी बोलत होती. आईचा ऐकणारा न सांगता सगळं जाणणारा. त्याच्यापुढे 'ते कळतंच की' हे पुरतं. बहुतेक प्रार्थना आतून तेवढीच असते. माझ्या मुलांपुढचा ऐकणारा सांगितल्यावाचून काहीच न जाणणारा. आणि या दोघांच्या मध्ये माणसं आहेत, ज्यांना काही कळतं, काही सांगावं लागतं आणि काय कळलं नाही हेही पुष्कळदा कळत नाही. मूल ज्या दिवशी यंत्राशी बोलायला शिकतं त्या दिवशी त्याला पहिल्यांदा दिसतं की आपण न सांगता किती गोष्टी दुसऱ्यावर सोपवत असतो. त्या दिव्याच्या मुलीनं घरी जाऊन आजीला विचारलं होतं, "तुला कसं कळतं मला काय हवंय ते?" आजीनं मला शाळेत येऊन सांगितलं.

अलीकडे फोनला मराठीत विचारलं तरी तो प्रोग्रॅम लिहून देतो. वरवर बघता त्याला 'ते कळतंच की' कळतं. आधी तेल, हे तो सांगेल, कारण असंख्य माणसांनी ते लिहून ठेवलेलं आहे. जे कोणी कुठं लिहिलंच नाही, ते त्याच्यापर्यंत कसं पोचणार?

हे मी एका मुलीमुळे विचारते. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबं आमच्या भागात येतात, शिवारात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यांतली एक मुलगी सातवीत आणि तिचा भाऊ पहिलीत, असे शाळेत येऊन बसले. दाखला नव्हता. त्यासाठी प्रवेश अडवायचा नाही, असं २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे, तेव्हा प्रवेश झाला. पण एका सवलतीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि तो अडला. एका कागदावर आईच्या नावाला 'बाई' जोडलेलं, दुसऱ्यावर नुसतंच नाव. मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. खिडकीतला माणूस भला होता. तिसऱ्या खेपेला तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मला कळतंय हो. सिस्टिम घेत नाही."

मी एसटीत बसून रडले. अर्थक्रम जाणणारा माणूस खिडकीत बसलेला होता आणि पाठक्रमानं त्याचे हात बांधले होते. ती अट कोणीतरी लिहिली असेल. लिहिणाऱ्याला वाटलं असेल की आईचं नाव सगळीकडे एकच असतं, ते कळतंच. कदाचित तो पहिल्या नंबरात आलेला असेल. त्याच्या बाकावर अशी मुलगी कधी बसलीच नसेल.

मीमांसेच्या सहाव्या अध्यायात अधिकाराचा विचार आहे. कर्म कोणी करावं? ऐतिशायन म्हणाला, वाक्यात पुल्लिंग आहे, तेव्हा पुरुषानंच. जैमिनीनं ते खोडलं. स्वर्गाची इच्छा बाईलाही असते. हे वाचून मी फार आनंदले होते. पुढं त्याच ठिकाणी शूद्राचा प्रश्न येतो. बादरी म्हणतो, त्यालाही अधिकार आहे. आणि जैमिनी, ज्यानं माझ्यासाठी दार उघडलं, तो बादरीला बाजूला सारतो. वाईत प्राज्ञपाठशाळेवरून जाताना मला हे हटकून आठवतं. केवलानंद सरस्वतींनी तिथं मीमांसाकोशाचे सात खंड रचले. त्या कामापुढे मी मस्तक ठेवते. पण बादरीचं एक मत मान्य झालं असतं तर किती पिढ्यांची बुद्धी या क्रमाच्या, अर्थाच्या विचारात उतरली असती, हे दुःख मला पुसता येत नाही. सावित्रीबाईंचं नायगाव इथून लांब नाही. तरी माझ्या कक्षात पहिल्या आठवड्यात माउस मुलग्यांच्याच हातात होता आणि ही मुलगी खुर्चीमागे उभी होती. आता दर दहा मिनिटांनी मी घंटी वाजवते आणि हात बदलतो.

तिला स्क्रॅच फारसं आवडलं नाही. मांजर कशाला चालवायचं, म्हणाली. मग मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला रोज लागेल अशा कुठल्याही कामाच्या ओळी लिहा. इतरांनी चहा केला, सायकलची हवा भरली. तिनं भावासाठी लिहिलं. आई-बाप पहाटे फडावर जात आणि कधी कधी तीही मोळ्या बांधायला जायची. तेव्हा तो कोपीत एकटा असे. त्याला नुकतंच अक्षर लावता येऊ लागलं होतं, म्हणून शब्द छोटे, अक्षर मोठं.

चुलीपाशी जाऊ नको. भूक लागली तर टोपल्यात भाकर आहे. टोपल्यात नसली तर मावशीला माग. मावशी नसली तर पाणी पी. कुत्रं आलं तर ओरड. कोणी आलं नाही तर परत ओरड. ऊन गेलं तर आत बस. आई आली तर हे सगळं सोड.

मी वर्गात हे मोठ्यानं वाचलं. कोणी बोललं नाही. सांजवातीच्या मुलीनं हळूच हात वर केला आणि विचारलं, "बाई, आणि आईच आली नाही तर?"

बीडची मुलगी जागेवरूनच म्हणाली, "पाठीमागं बघा. लिवलंय."

मी कागद उलटला. रात्र झाली तर गोधडी घे. सकाळ झाली तर शाळेत जा. बाईला सांग.